नामीच्या मागं कोण होतं

संजीवनीबाई साळव्यांचं रूथचं आख्यान ऐकून जिच्या डोळ्यांत पाणी आलं नाही ती बाई नव्हे, दगड, असं सगळ्या नगर जिल्ह्यात म्हणत. निदान संजीवनीबाई तरी तसं म्हणत, आणि त्यांच्या तोंडावर उलट बोलायची कोणाची छाती नव्हती. त्यांचे वडील ख्रिस्ती कीर्तनकार. नेवासं, शेवगाव, राहुरी अशी गावं पालथी घालायचे, पारावर उभे राहून शास्त्रातल्या, म्हणजे बायबलातल्या, गोष्टी साकी-दिंडी वृत्तांत गायचे. पोरगी मागं झांजा धरून उभी. तिची शाळा चौथीतच सुटली. वाचायला घेतलं की अक्षरं मुंग्यांसारखी पांगायची, पण कानावर पडलेलं काळजात बसायचं. वडील गेले तसे तिनं झांज दुसऱ्याच्या हातात दिली आणि स्वतः पुढं उभी राहिली. लोकांनी नाकं मुरडली, बाईमाणूस कीर्तनाला उभं राहतंय म्हणून. मग तेच लोक डोळे पुसत घरी गेले.

अशा संजीवनीबाईंना निरोप द्यायला त्या शनिवारी दुपारी परदेशातल्या, क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये बायका जमल्या होत्या. लिफ्ट दहाव्या मजल्यावर थांबायची आणि फ्लॅट नवव्यावर. त्यामुळे प्रत्येक बाई आधी त्या जिन्याला नावं ठेवत आत यायची, मग "सलाम मावशी" म्हणून पंख्याखाली टेकायची. मराठी ख्रिस्ती घरं तिथं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, पण कीर्तन म्हटल्यावर बेडोक-क्लेमेंटी अशा लांबच्या वस्त्यांतल्या हिंदू बायकाही आल्या होत्या. देश सोडल्यापासून त्यांच्याही कानावर झांज पडली नव्हती.

गुरुवारी संजीवनीबाई नगरला निघणार होत्या, भावाच्या मुलाकडं, विश्वासकडं. कायमच्या. बॅग आतापासूनच भरून दाराशी उभी केली होती, येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांवर यावी म्हणून.

एकुलता एक मुलगा त्यांचा, प्रबोध. जहाजांची इंजिनं दुरुस्त करणारा इंजिनियर. ईस्टर झाला आणि एका सकाळी कामावर निघताना बूट घालायला खाली वाकला, तो उठलाच नाही. त्याला इथंच माती दिली. मागं राहिल्या दोघी, आई आणि बायको.

बायको गार्गी, पुण्याची, हिंदू घरातली. लग्न दोघांनी आपल्या मनानं केलेलं. बाप्तिस्मा तिनं घेतला नव्हता आणि प्रबोधनं तो कधी मागितला नव्हता. संजीवनीबाईंच्या पोटात तो खडा तेव्हापासूनचा. आता गार्गीची आई पुण्याहून दर रविवारी फोन करायची. परत ये म्हणायची, तुझं वय काय झालंय म्हणायची. फोन ठेवल्यावर गार्गी गप्प. अलेक्झांड्रा भागातल्या ऑफिसात जायची, यायची, स्वयंपाक करायची, पण मनातलं बोलायची नाही. संजीवनीबाईंनी ओळखलं, ही जाणार. आज नाही तर उद्या. मग तिनं मला टाकण्याआधी मीच निघालेलं बरं, मान तरी राहील.

खरं विचाराल तर त्यांना जायचं मुळीच नव्हतं. पोराची माती इथं होती. विश्वासच्या घरात त्याच्या बायकोचं राज्य, तिथं ह्यांना कोण विचारतं? पण "मला राहू दे" एवढं सुनेला म्हणण्यापेक्षा त्यांनी जीभ कापून दिली असती. म्हणून त्यांनी निरोपाच्या दिवशी मुद्दाम रूथचं आख्यान काढलं. सासूला न सोडणारी सून कशी असते ते चारचौघींत ऐकू दे हिला. लेकी बोले सुने लागे. इथं तर लेकही नव्हती, थेट सुनेलाच लागणार होतं.

चहा आला. गार्गी ट्रे घेऊन एकेकीपुढं वाकत होती.

"मावशी, तुमच्यावाचून करमायचं नाही हो आम्हाला," प्रेमा म्हणाली. प्रेमा मुंबईची, गिरगावची, नवरा बोटीवर. तोंडाला येईल ते बोलून मोकळी होणारी. "राहा की! जाताय कशाला?"

"कोणाच्या जिवावर राहू गं?" संजीवनीबाईंनी बशी गुडघ्यावर ठेवली. "प्रबोध होता तोवर घर होतं. आता माझं इथं कोण आहे? रिकाम्या हातानं जायचं, दुसरं काय."

गार्गी त्यांच्या कपात साखर ढवळत होती. ढवळून झाल्यावर कप त्यांच्या हातात दिला.

"पण काय हो तुमची श्रद्धा!" दुसरी एक, नीता, म्हणाली. "एवढं आभाळ कोसळलं, तरी प्रार्थना चालू होती म्हणे घरात."

"एक दिवस चुकली नाही," संजीवनीबाई म्हणाल्या. "कीर्तनकाराची लेक आहे मी. पोराला माती देऊन आले त्या संध्याकाळीसुद्धा ह्या घरात शास्त्र उघडलं होतं. विचारा हिला."

सगळ्यांनी गार्गीकडं पाहिलं. "हो," गार्गी म्हणाली, "उघडलं होतं," आणि बिस्किटं आणायला आत गेली.

कीर्तनाला उभं राहायची वेळ झाली तेव्हा अडलं घोडं. मागं साथीला कोण? ओळ उचलून धरायला माणूस लागतो. दुखऱ्या गुडघ्यामुळं संजीवनीबाईंना इकडून तिकडं हिंडून सगळी सोंगं एकटीनं वठवणंही जमणार नव्हतं.

"मग आम्ही घेतो की पात्रं!" प्रेमानं टाळी वाजवली. "आम्ही सगळ्या त्या बेथलेहेमच्या बायका. आम्हाला जमलेल्या बायका व्हायला काही शिकावं लागत नाही."

"आणि मी ती दुसरी सून, अर्पा ना? अर्ध्या वाटेवरून परत फिरते ती," नीता म्हणाली. "छोटा पार्ट द्या बाई मला. पाय दुखतात."

"आणि रूथ?"

सगळ्या एकमेकींकडं पाहू लागल्या. तेवढ्यात गार्गी बिस्किटांची बशी घेऊन बाहेर आली.

"हीच की!" प्रेमा म्हणाली.

"ही?" संजीवनीबाई हसल्या. "हिला कुठं आख्यान येतंय? बरं, असू दे. बोलायचं काही नाही गं तुला, गाते मी. तू आपली ते बोचकं धर आणि मागं उभी राहा. तेवढं जमेल ना?"

बोचकं म्हणून दाराशी होती ती बॅगच दिली. गार्गीनं बशी टेबलावर ठेवली, हात पुसले आणि बॅग उचलली. ती चांगलीच जड होती.

चपलांच्या फडताळापाशी मवाब देश झाला आणि सोफ्यापाशी बेथलेहेम. संजीवनीबाईंनी पदर कमरेला खोचला, डोळे मिटले आणि सूर लावला. आणि खरंच सांगते, सत्तरीला टेकलेल्या त्या बाईच्या गळ्यात अजून पारावरचा वारा होता. दुष्काळ पडला, नामी, जिच्या नावाचा अर्थच गोड, नवऱ्यामागं परमुलखात गेली. तिथं नवरा गेला, हाताशी आलेले दोन्ही मुलगे गेले, मागं दोन परजातीच्या सुना राहिल्या. नामी म्हणाली, पोरींनो, आपापल्या आईच्या घरी फिरा, माझ्यात आता काय उरलंय? नीता गळ्यात पडून, खोटं खोटं रडून, आणि थोडं खरंही रडून, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत परत गेली. बायका हसल्या.

मग रूथ. रूथ काही फिरेना. तू जाशील तिथं मी, तू टेकशील तिथं माझं अंथरूण, तुझी माणसं ती माझी, तुझा देव तोच माझा. हे सगळं संजीवनीबाईंनी रूथच्या वतीनं गायलं, आणि गाताना एकेक शब्द मागं उभ्या असलेल्या गार्गीच्या अंगावर टाकला. "ऐका गं सुनांनो," मध्येच सूर सोडून त्या म्हणाल्या, "ह्याला म्हणतात विश्वास. बाप्तिस्म्याचं पाणी डोक्यावर पडलं नव्हतं, तरी सासूच्या देवाला धरून राहिली. आत्ताच्या पोरी, आईचा फोन आला की झाल्या तयार!"

प्रेमानं खाली पाहिलं. संजीवनीबाईंना मात्र बाण लागल्याचं समाधान वाटलं आणि त्या पुढं निघाल्या. दोघी चालत चालत बेथलेहेमच्या वेशीत आल्या, म्हणजे सोफ्यापाशी. आता आख्यानाचा कळस. वडिलांनी स्वतः रचलेलं पद. ह्या पदाला गावोगावच्या बाया हुंदके द्यायच्या.

"भरल्या घराची गेले गं बाई,
रित्या हातानं परत आले.
गोड नावानं हाक नका मारू,
माझं जिणं कडू झाले."

दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत सोफ्यावरच्या बायकांचे रुमाल निघाले. तिसऱ्या वेळी संजीवनीबाईंनी दोन्ही तळवे उघडून पुढं धरले, रिकामे, जसे वडील धरायचे. आणि प्रेमा, अंगात बेथलेहेमची बाई पुरती भिनलेली, नाक पुसत पुढं झाली आणि आपल्या मनचंच बोलून गेली:

"अगो नामी, रिती कशी गं? मग ही मागं कोण उभी आहे, एवढं ओझं घेऊन?"

संजीवनीबाईंनी तोंड उघडलं. पुढची ओळ जिभेवर होती. पुढची ओळ होती, "कोणी न उरले मजला." ती बाहेर येईना.

वडिलांच्या कीर्तनात रूथ कधी उभीच नसायची. एकटा माणूस सगळ्यांची सोंगं करायचा. नामी रडायला लागली की रूथ नाहीशी व्हायची, कोणाच्या लक्षातही यायचं नाही. जन्मभर ते पद म्हटलं, आणि ह्या ठिकाणी तिसरं माणूस असतं हे कधी डोक्यात आलं नव्हतं. एवढी शपथ घेऊन, आपला मुलूख सोडून जी पोर चालत आली, तिच्या देखत नामी गावाला सांगत होती, माझ्याकडं काही नाही. शास्त्रात तसंच आहे. नामीनं तिची ओळखसुद्धा करून दिली नाही.

त्या मागं वळल्या.

गार्गी उभी होती. बॅगेचा बंद मनगटाला गुंडाळलेला, दुसरा हात बॅगेच्या खाली. चेहऱ्यावर राग नव्हता. बसची वाट पाहणारं माणूस उभं असतं तशी उभी होती, बस येईल न येईल.

आणि अर्ध्या तासापूर्वीचं स्वतःचंच बोलणं संजीवनीबाईंच्या कानात वाजलं. माझं इथं कोण आहे. तेव्हा ही कपात साखर ढवळत होती.

"पाणी," त्या म्हणाल्या, आणि बायकांना तसंच सोडून आत गेल्या.

स्वयंपाकघरात त्यांनी नळ सोडला, पेला धरला, पण प्यायल्या नाहीत. मागून गार्गी आली. बॅग अजून हातात.

"चक्कर येतेय का, आई?"

"खाली ठेव ती. खाली का नाही ठेवलीस मघाच?"

"तुम्ही ठेव म्हणाला नाहीत."

संजीवनीबाई ओट्याला टेकल्या. बाहेर बायका हलक्या आवाजात कुजबुजत होत्या. त्यांना वाटलं, जमीन फाटावी, पण नवव्या मजल्यावर जमीन कसली फाटतेय.

"मघाशी 'हो' असं का म्हणालीस?" त्यांनी विचारलं. "प्रार्थनेचं. मी तर भिंतीकडं तोंड करून पडले होते. कितीतरी दिवस. देवाचं नाव काढलं तर शिव्या दिल्या मी. वाचत होतीस तू."

"शास्त्र उघडलं होतं का, एवढंच तुम्ही विचारलंत. उघडलं होतं."

"तुला ते पटत तरी होतं का?"

गार्गीनं नळ बंद केला. "आधी नाही. प्रबोध रोज ऐकायचा, म्हणून वाचायचे. घरातला तो आवाज बंद पडला असता तर मीही उठले नसते सकाळी. नंतर मलाच लागायला लागलं. सगळं कळतं असं नाही. पण वाचलं की त्या रात्री झोप लागते." ती थांबली. "तुम्ही पण ऐकत होतात. मी चुकीचं वाचलं की कूस बदलायचात."

संजीवनीबाईंना हुंदका आला आणि त्याचीही लाज वाटली. रडणं हा त्यांचा धंदा होता. लोकांना रडवायचा.

"आईकडं जाणार ना तू? पुण्याला?" त्यांनी पेल्याकडं पाहत विचारलं.

"मी जाणार असं कोण म्हणालं?"

"तुझी आई बोलावते."

"ती बोलावते. मी दर रविवारी नाही म्हणते. ते तुम्ही ऐकत नाही, कारण मी हळू बोलते." आता गार्गीचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी तुम्हाला म्हटलं होतं, आई, राहा. माती झाली त्याच आठवड्यात. तुम्ही म्हणालात, परजातीच्या बाईच्या तुकड्यावर जगायला मी काही भिकारीण नाही. त्यानंतर मी काय म्हणायचं होतं?"

म्हणाल्या होत्या. तसंच, ह्याच शब्दांत म्हणाल्या होत्या. बोलून झाल्यावर त्यांना वाटलं होतं, कसं सडेतोड बोलले.

"मला ठेवून घेतेस का?" संजीवनीबाई म्हणाल्या. आवाज इतका बारीक की त्यांचा त्यांनाच ओळखू आला नाही.

गार्गी ओट्यावर सांडलेलं पाणी फडक्यानं टिपत राहिली. मग म्हणाली, "हे तुम्ही मला इथं ओट्यापाशी विचारताय. आणि बाहेर सगळ्यांसमोर म्हणालात की तुमचं कोणी नाही."

बोलणं खरं होतं, आणि त्यावर कुठली म्हण चालणार नव्हती. संजीवनीबाईंनी पदर सोडून डोक्यावर घेतला आणि बाहेर गेल्या.

प्रेमा उठली. "मावशी, माझंच चुकलं हो. उगाच मध्ये तोंड घातलं. तुम्ही बसा, राहू द्या आता."

"राहू द्या कसं? तू बस." त्या स्वतः उभ्याच राहिल्या. कीर्तनाला उभ्या राहायच्या तशा नाही. शाळेत पाढा न आलेल्या पोरीसारख्या. "बायांनो, मघाशी मी म्हटलं, ह्या घरात प्रार्थना चुकली नाही. ते खरं आहे, पण ती माझी नव्हती. मी भिंतीकडं तोंड केलं होतं. ही वाचत होती. हिला बाप्तिस्मा नाही, हिला मी आत्ता तुमच्यासमोर टोचून बोलले. आणि माझं इथं कोणी नाही असं म्हणाले, तेव्हा चहा हिच्याच हातचा घेत होते."

"अहो मावशी..." नीता म्हणाली.

"ऐका. खोटं ऐकलंत ना डोळे पुसत? मग खरंही ऐका." पुढचं त्यांना वडिलांनी शिकवलेलं नव्हतं, कुठल्या दिंडीत बसणारं नव्हतं. त्या स्वयंपाकघराच्या दाराकडं वळल्या. गार्गी तिथं हातात फडकं घेऊन उभी होती. "गार्गी, मला जायचं नाहीये. मी तुझ्याजवळ राहू का? ठेवशील का?"

पंखा फिरत होता. शेजारच्या फ्लॅटमधून कोणाच्या तरी टीव्हीवरचं चिनी गाणं येत होतं. संजीवनीबाईंनी मान वर केली नाही. बायकांच्या नजरा आपल्या पायांवर आहेत असं त्यांना वाटत होतं.

"विश्वासदादांना फोन करायला लागेल," गार्गी म्हणाली. "गुरुवारी ते न्यायला येणार ना मुंबईला? उगाच नगरहून निघतील."

एवढंच. प्रेमानं तेवढ्यात जोरात नाक शिंकरलं, आणि मग सगळ्याच एकदम बोलू लागल्या, चहा गार झाला, नाही, दुसरा ठेवू, जिन्याचं काहीतरी करायला हवं. कोणी संजीवनीबाईंना हाताला धरून बसवलं. त्या बसल्या. आनंद व्हायला हवा होता, पण अंगभर नुसती लाज भरून राहिली होती, चटके बसल्यासारखी.

बायका गेल्या आणि गार्गीनं फोन लावला. विश्वासचा आवाज रिसीव्हरमधून खोलीभर ऐकू येत होता. परदेशाचा फोन म्हटला की तो ओरडूनच बोलायचा.

"दादा, आई येत नाहीयेत. इथंच राहतायत माझ्याजवळ."

"आता कशाला?" विश्वास ओरडला. "आत्यानं मला सगळं सांगितलंय! तुम्ही तिला घराबाहेर काढलंत, तुम्हाला दुसरं लग्न करायचंय म्हणून! रडत होती ती फोनवर! आणि आता ठेवून घेताय? कामाला बाई मिळेना वाटतं!"

संजीवनीबाईंच्या हातातून माळेसारखं काहीतरी ओघळून गेलं, उरलासुरला मान असावा तो. गेल्या महिन्यात गार्गी ऑफिसला गेली असताना ह्याच फोनवरून त्यांनी ते विश्वासला सांगितलं होतं. रडून सांगितलं होतं. रडणं त्यांना येत होतंच.

गार्गीनं त्यांच्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. संजीवनीबाईंनी हात पुढं केला, रिसीव्हर दे, मी सांगते त्याला, म्हणून.

गार्गीनं रिसीव्हर दिला नाही. कानाशी नीट धरला आणि म्हणाली, "हो दादा. आमच्यात जरा वाजलं होतं. आता मिटलं. तुम्ही काळजी करू नका, त्या बऱ्या आहेत."

मग ती विश्वासच्या मुलांची परीक्षा कशी झाली ते विचारू लागली. संजीवनीबाई सोफ्याच्या कडेला बसून राहिल्या, पदरात तोंड घालून, आणि कितीतरी वेळ सुनेकडं बघायची त्यांना छाती झाली नाही.